आत्याच्या बांगड्या आणि छोटा खंड्या: ब्राँझ-काच कामाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

सकाळी सात ते साडेनऊ कोल्हापुरात रंकाळ्यावर. पाण्यावर वाकलेल्या फांदीवर छोटा खंड्या, मादी. चोचीचा खालचा भाग नारिंगी दिसला म्हणून मादी. नराची चोच सगळी काळी असते. अडीच तासांत सहा सूर मारले, दोनदा मासा मिळाला. दोन्ही वेळा फांदीवर परत येऊन मासा आपटला, चोचीत फिरवून घेतला आणि डोक्याकडून गिळला.

हा पक्षी शिल्पात करायचं बरीच वर्षं मनात आहे आणि दर वेळी गाडं निळ्यापाशी अडतं. बसलेल्या खंड्याचे पंख हिरवट निळे, शांत असतात. तो उडाला की मानेपासून शेपटीपर्यंतचा पट्टा असा चमकतो, की आधी तो पट्टा दिसतो आणि मग पक्षी. हा निळा रंगद्रव्यातून येत नाही. पिसांच्या तंतूंमध्ये स्पंजासारखी अतिसूक्ष्म रचना असते, तिच्यातून प्रकाश विखुरतो आणि आपल्याला निळं दिसतं. पोटाचा नारिंगी मात्र रंगद्रव्याचा. म्हणजे पोट ब्राँझवर रसायनांनी जमेल, पाठ जमणार नाही. पाठीला प्रकाश आत घेऊन परत देणारं काहीतरी हवं.

संध्याकाळी आत्याकडे. बांगड्यांचं दुकान या पाडव्याला बंद करायचं तिनं ठरवलंय. मागच्या फळीवर न खपलेल्या मालाच्या पेट्या आहेत. एका पेटीत मोरपंखी बांगड्या, डझनाडझनांनी बांधलेल्या. एक डझन उचलून खिडकीसमोर धरला आणि सकाळचा पट्टा तिथं दिसला.

"किती पाहिजेत? पेटीच घेऊन जा. ह्या रंगाला आता गिऱ्हाईक न्हाई," आत्या म्हणाली. पेटी स्कूटरवर पायाशी ठेवून आणली, वाटेतले सगळे खड्डे चुकवत.

१२ जानेवारी

ठरलं. अंग ब्राँझचं, पाठीचा पट्टा काचेचा, आणि काच आत्याच्या बांगड्यांची.

आमचं घर कासारांचं. कासार हा शब्द कांस्यकारावरून आला, कांसं घडवणारा तो कासार. पुढं काही घरं भांड्यांत राहिली, काही बांगड्यांत आली. आजोबांचे थोरले भाऊ तांब्यापितळेची भांडी विकायचे, आजोबा बांगड्या भरायचे. मी शिल्पकला शिकले, पण धातू आणि काच या दोन्ही घरच्या वस्तू एका कामात घ्यायचं आजवर सुचलं नव्हतं. शिवाय तांबं दोन्हीकडे आहे. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील. काचेला हा फिरोजी रंग येतो तोही बहुतेक वेळा तांब्याच्या ऑक्साइडनं.

मापं: खरा छोटा खंड्या १६-१७ सेंमी लांब, वजन जेमतेम तीसेक ग्रॅम. माझाही तेवढाच, १६.५ सेंमी. त्यातली ४ सेंमी नुसती चोच. पायाची तीन बोटं पुढं, त्यातली बाहेरची दोन बरीच लांबवर एकमेकांना जुळलेली. ही जोडबोटं चुकली की पाय चिमणीचे दिसायला लागतात. शेपूट अगदी आखूड, डोकं अंगाच्या मानानं मोठं. बसताना किंचित मागं रेललेला.

दुपारी टाउन हॉल म्युझियममध्ये जाऊन आले. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची ब्राँझ मूर्ती तिथं आहे, रोमन काळातली, वीतभरही नसलेली. लहान ब्राँझ करताना मी नेहमी तपशिलात अडकते, म्हणून ती बघायला जाते. चार पावलं मागं सरकलं तरी अंगाचा भार कुठं आहे ते कळतं. खंड्याचा भार त्याच्या मानेत आहे. पाण्याकडे बघताना सगळा पक्षी मानेतून खाली ओढलेला असतो.

२ फेब्रुवारी

प्लॅस्टिसिनमधला पक्षी पुरा झाला. तीन आठवडे लागले, त्यातले दोन मान आणि खांद्यात गेले. चोचीला आत पितळी तार आहे, नाहीतर साचा घेताना वाकली असती.

आज सिलिकॉन रबराचा साचा, दोन भागांत, वरून प्लॅस्टरची पेटी. थेट मेणात न घडवता साचा घेतला, कारण लॉस्ट वॅक्समध्ये, म्हणजे मेणाभोवती कवच करून, मेण जाळून त्या पोकळीत धातू ओतायच्या रीतीत, मेण एकदाच जळतं. ओतकाम फसलं तर हातात काही राहत नाही. साचा असला की दुसरं मेण काढता येतं.

९ फेब्रुवारी

मेणाची पहिली प्रत. वितळलेलं मेण साच्यात घोळवून साडेतीन मिलिमीटरचा थर बसवला, चोच मात्र भरीव. पाठीवर पट्ट्यासाठी खाच कोरली: ६२ मिमी लांब, मानेशी १७ मिमी रुंद, शेपटीकडे निमुळती, ६ मिमी खोल. खाचेपुरती आतून मेणाची भिंत जाड केली.

मेणाचं वजन ४६ ग्रॅम. ब्राँझ मेणाच्या सव्वानऊ पट जड धरते, म्हणजे नुसत्या पक्ष्याला सव्वाचारशे ग्रॅम रस. कप (रस ओतायचं तोंड) आणि रनर (रस आत नेणारी वाट) धरून किलोभर. मेण तोलून धातूचा हिशोब करायची ही रीत जुनी आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या मानसोल्लासात मूर्ती ओतायची कृती दिली आहे, तिथंही मेण तोलूनच धातू घ्यायला सांगितलं आहे. वजनकाट्यावर मेणाचा पक्षी ठेवताना दर वेळी मला ते आठवतं आणि बरं वाटतं.

१५ फेब्रुवारी

काचेची पहिली चाचणी. बांगड्या धुऊन, वाळवून, कापडात गुंडाळून फोडल्या. बारीक भुगा केला तर कणांमध्ये हवेचे बुडबुडे अडकून काच दुधट होते, म्हणून चार-पाच मिलिमीटरचे तुकडे ठेवले. साचा प्लॅस्टर आणि सिलिकाच्या पुडीचा, वजनानं निम्मे-निम्मे. भट्टी ८२० अंशांपर्यंत नेली, अर्धा तास धरली, मग ५२० वर दोन तास, तिथून तासाला ३० अंशांनी खाली.

सपाट वडी आली, स्वच्छ. पण ६ मिमी जाडीची वडी ब्राँझच्या तुकड्यावर ठेवली आणि निळं गेलं. काळपट दिसायला लागली. खिडकीसमोर धरली की प्रकाश एकदा आरपार येतो. धातूवर ठेवली की तो आत जातो, तळाला लागतो आणि पुन्हा सगळी जाडी कापून बाहेर येतो, काचेतून दोनदा. तळ तपकिरी असेल तर परत येतो तोही थोडाच.

दोन गोष्टी बदलायला हव्यात. काच पातळ हवी, आणि खाचेचा तळ उजळ हवा.

१६ फेब्रुवारी

६, ५, ४, ३ आणि २ मिमीच्या पट्ट्या पांढऱ्या कागदावर, मग चांदीच्या पातळ पत्र्यावर (हुपरीहून आणलेला तुकडा घरात होता). ३ मिमी चांदीवर: हाच. २ मिमी फिकट, आकाशी होतो. मेणातली खाच भरून सव्वातीन मिमी खोल केली.

२ मार्च

मेण फौंड्रीत दिलं. मोठ्या ओतकामाच्या गावात एवढंसं काम घेऊन जाताना संकोच वाटतो. तिथं रोज टनांनी बीड ओतली जाते. पण ब्राँझचा विभाग चालवणाऱ्या काकांनी पक्षी हातात घेतला, उलटा केला, चोचीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं राहणार बघा, ताई." मिश्रधातूबद्दल बोलणं झालं. त्यांच्याकडे बुशसाठी येतं ते गनमेटल शिशाचं असतं. मला शिसं नको, पुढं पाटिना, म्हणजे ब्राँझवर रसायनांनी आणलेला रंग, डागाळते. तांबं ९०, कथील १०, एवढंच.

९ मार्च

चोच राहिली. टोकाकडचे ११ मिमी भरलेच नाहीत, कडा गोल होऊन थांबली आहे. बाकी पक्षी सुंदर आला आहे, पिसांच्या रेघा, जोडबोटं, सगळं. अर्धी चोच बघून पोटात कालवलं.

काकांनी शेल, म्हणजे ओतकामाचं कवच, फोडून ठेवलं होतं, लपवलं नाही. कारण दोघांनाही कळत होतं. पक्षी बसलेला धरून गेट, म्हणजे रस आत शिरायची जागा, पोटाला दिलं होतं, त्यामुळे रस चोचीपर्यंत पोचता पोचता थंड झाला, आणि टोकाची हवा जायला वाट नव्हती. जोडून देतो म्हणाले. नको म्हटलं. चोचीवरचा सांधा मला रोज दिसत राहिला असता.

१६ मार्च

दुसरं मेण. या वेळी पक्षी उलटा, चोच खाली. कपातून येणारा जाड रनर छातीला, त्यातूनच एक बारीक फाटा चोचीच्या मुळाशी, आणि चोचीच्या टोकापासून काडीएवढी व्हेंट (हवा जायची वाट) थेट वरपर्यंत. फांदी वेगळी ओतायची. बाभळीच्या सुक्या फांदीचा साचा घेऊन मेण केलं आहे, त्यावर काट्यांच्या खुणाही आल्या आहेत.

२३ मार्च

चोच आली. टोकापर्यंत, सुईसारखी. काकांनी या वेळी शेल भाजून लालसर असतानाच रस ओतला. मी दहा फुटांवर उभी होते. मुशीतला रस वरून मळी बाजूला केली की आरशासारखा दिसतो, आणि ओतताना त्याचा आवाज पाण्यापेक्षा जड येतो. एवढ्याशा कामाला ओतायला चार-पाच सेकंद पुरतात.

वजन रनर कापून ४१८ ग्रॅम. खऱ्या पक्ष्याच्या चौदापट.

३० मार्च, गुढीपाडवा

आत्याचं दुकान बंद झालं. गुढी दुकानावरच उभारली, साखरगाठी बांधली, मग शटर. चार जुन्या गिऱ्हाईक बायका आल्या होत्या, त्यांनी शेवटच्या बांगड्या भरून घेतल्या. आत्या हात दाबून, मऊ करून, अंगठ्याचं हाड आत घेऊन बांगडी सरकवते. बांगडी हाताला रेटत नाही, हात बांगडीतून वाहत जातो. खूप वेळ तेच बघत बसले.

६ एप्रिल

आठवडाभर घासकाम. गेटच्या खुणा कानशीनं काढल्या, पिसांच्या तुटलेल्या रेघा छिन्नीनं पुन्हा ओढल्या. आतला गाभा हुक घालून खरवडून काढला. तो आत राहिला तर ओल धरतो आणि पुढं बाहेरून डाग उमटतात.

मग खाच मोजली. मेणात ६२ होती, ब्राँझमध्ये ६१. ब्राँझ थिजताना दीड-दोन टक्के आकसते, हे मला पाठ आहे, आणि तरी फेब्रुवारीत मी काचेचा एक पट्टा मेणाच्या मापानं करून ठेवला होता. तो बसत नाही. आता काचेचं माप ब्राँझवरूनच घ्यायचं.

१० एप्रिल

एक मोह टाळता येत नव्हता: काच थेट ब्राँझच्या खाचेतच वितळवली तर? फट राहणार नाही, पट्टा अंगातूनच उगवल्यासारखा दिसेल. पक्ष्यावर करायचं धाडस नव्हतं, म्हणून रनरच्या कापलेल्या तुकड्यात खाच कोरली, तुकडे भरले, भट्टीत ठेवलं.

भट्टीतून काढलं तेव्हा ब्राँझवर काळी खपली आली होती, बोटानं सुटत होती. काच मात्र अखंड. टेबलावर ठेवून रात्री झोपले. दुसऱ्या रात्री जेवताना कामाच्या खोलीतून बारीक "टिक" ऐकू आलं. सकाळी आणखी एक. आज बघितलं तर काच मधोमध आडवी पिचली आहे आणि एका कडेनं तिचे पापुद्रे सुटलेत.

हिशोब मांडून बघितला. ब्राँझ काचेच्या साधारण दुप्पट आकसते. ६१ मिमीच्या पट्ट्यात, काच कडक झाल्यापासून खोली थंड होईपर्यंत पाचशे अंश धरले, तर ब्राँझ अर्ध्या मिलिमीटरहून जास्त आखडते आणि काच त्याच्या निम्मी. उरलेला पाव मिलिमीटर ब्राँझ काचेत दाबते. काचेला तेवढा दाब सहन होत नाही, ती आज नाहीतर परवा जाते.

तर काच वेगळी करायची, वेगळी निववायची आणि सैल बसवायची.

१३ एप्रिल

काल जोतिबाची यात्रा, फौंड्रीत दोन दिवस कुणी नाही. फांदीचं ओतकाम पुढच्या आठवड्यात.

आत्याला पिचलेला तुकडा दाखवला. "फुटली" म्हणाले तर तिनं लगेच थांबवलं, "फुटली म्हणू नये गं. वाढली म्हणावं." काचेच्या बांगडीला लहानपणापासून हेच ऐकत आले, पण कामाच्या खोलीतली भाषा वेगळी झाली होती. इथून पुढं वहीतही वाढली लिहीन.

सैल किती ठेवायचं हे तिला विचारलं. बांगडीची मापं आण्यांत असतात: दोन-चार म्हणजे दोन इंच आणि चार आणे, दोन-सहा म्हणजे दोन इंच सहा आणे, आणि इंचाचे आणे सोळा. तिनं पक्षी हातात घेतला, खाचेतून अंगठा फिरवला. "पाव आणा ठेव. एवढ्यात हलत बी न्हाई आणि दाबत बी न्हाई."

घरी येऊन मोजलं. पाव आणा म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, ०.४ मिमी. नुसत्या उन्हातान्हाच्या फुगण्या-आकसण्याला याच्या दहाव्या हिश्शानं काम भागेल, पण घासताना हात इकडेतिकडे होणार, कडेनं रबरी थर जाणार. पाव आणा अगदी बरोबर आहे.

२० एप्रिल

नवीन पट्टा, पाठीचा बाक धरून. बाकाचं माप ब्राँझच्या खाचेतूनच मेणात घेतलं, कडेनं पाव आणा कमी करून. भट्टीतून स्वच्छ आला. घासायला घेतला तर पाण्याखाली, हिऱ्याच्या पॅडवर, दुसऱ्या मिनिटाला वाढला. एकच रेघ, तिरकी.

भट्टीचं वेळापत्रक तपासलं, चूक सापडेना. मग पोलरायझर काढले. एका बंद पडलेल्या एलसीडी मॉनिटरच्या पडद्यावरून सोललेल्या दोन फिल्म आहेत. एकीवर दुसरी आडवी धरली की अंधार होतो. त्यांच्यामध्ये काच ठेवली आणि तिच्यात ताण असेल तर अंधारात उजेडाची कड दिसते. दोन्ही तुकड्यांत दिसली, आणि गंमत अशी की उजेड पट्ट्याच्या कडेला नव्हता. आत, मधोमध, ठिपक्या-ठिपक्यांनी होता. काही तुकड्यांभोवती प्रभावळ, काहींभोवती काहीच नाही.

म्हणजे एका पट्ट्यात दोन वेगळ्या काचा आहेत. रंग डोळ्यांना तोच, पण थंड होताना आकसण्यात फरक. आपल्यात भांडण लागल्यासारख्या त्या एकमेकींना ओढत होत्या.

२१ एप्रिल

पेटी घेऊन आत्याकडे. तिनं डझन उलटेपालटे केले. काही लाल दोऱ्याचे, काही सुतळीचे. "लाल दोऱ्याचा माल जुना. सुतळीचा मागनं आला, तुझे काका होते तवाचा. ह्यो हातात लवकर पिचायचा, बाया तक्रार करायच्या." दोन्ही फिरोजाबादचेच, पण वेगळ्या खेपेचे आणि कदाचित वेगळ्या भट्टीचे. मी फेब्रुवारीपासून दोन्हीतल्या बांगड्या एकत्र फोडत होते.

तिनं सगळ्या लाल दोऱ्याच्या बांगड्या एकेक करून वाजवल्या. दोन बोटांवर तोलून दुसऱ्या बांगडीनं हलकी टिचकी. चांगली बांगडी स्वच्छ वाजते, पिचलेली बद्द. अकरा बांगड्या बाजूला काढल्या; मला त्यातल्या सात जणींत भेग दिसलीही नाही. अंधूक दिसतं म्हणून चष्मा लावून पेपर वाचणारी आत्या कानानं काच तपासत होती. मी वही बंद केली आणि नुसती बसून राहिले.

३ मे

खाचेचा तळ. मनात चांदीचा पत्रा होता, चाचणीलाही तोच वापरला होता. पण ब्राँझला रंग आणायला लिव्हर ऑफ सल्फर हे गंधकाचं रसायन लागणार, आणि गंधकाचा अंश कुठं सांदीत राहिला तरी चांदी काळी पडते. पाठीखाली काळा तळ म्हणजे फेब्रुवारीची ६ मिमीची वडी पुन्हा.

कथील गंधकाला एवढं दाद देत नाही. आणि कथील लावणारी माणसं आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहेतच. कल्हईवाल्या मामांकडे गेले. पातेल्यांच्या रांगेत पक्षी बघून त्यांनी आधी हातच लावला नाही; खाच दाखवली तेव्हा कळलं. भात्यावर पक्षी बेतानं तापवला, नवसागर भुरभुरला, पांढरा धूर उठला, कथलाची कांडी टेकवली आणि कापसानं एकाच फटक्यात पुसून घेतलं. खाच पाण्यासारखी पांढरी झाली. कडेला जरासं कथील वर आलं ते घरी खरवडून काढलं.

लाल दोऱ्याचा एक तुकडा खाचेत ठेवून बघितला. चांदीइतकाच उजळ, थोडा थंडावा जास्त. मला हाच आवडला.

११ मे

पाटिना. आपल्याकडे पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं आणि भांडंही. पाटिना म्हणजे तेच, फक्त जाणूनबुजून आणि हात राखून.

कल्हई मेणानं झाकली. डोकं, पंख, फांदी: लिव्हर ऑफ सल्फर कोमट पाण्यात, अगदी पातळ, तीन हात, मधे धुऊन. गडद तपकिरी आलं की पिसांच्या उंच रेघा बारीक पॅडनं उघडल्या. छाती-पोटाला फेरिक नायट्रेट, गरम ब्राँझवर कुंचल्यानं. पाण्याचा थेंब चुरचुरेल इतपतच ऊब; कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून टॉर्च लांबून आणि खाचेपासून दूर. पहिल्या हाताला पिवळसर, पाचव्या हाताला गंजाचा नारिंगी. आठव्या हाताला थांबले, पुढं विटकरी होतं.

चोच काळी. खालच्या बाजूचा काळा पुसून तिथंही फेरिक दिलं, टोक सोडून. एवढ्या एका रेघेनं ती मादी झाली. रंकाळ्यावरचीच.

गळा आणि मानेची बाजू पांढरी असते, ती रंगवली नाही. ब्राँझ घासून उघडी ठेवली आहे. वरून गरम मेण.

१७ मे

शेवटचा पट्टा, फक्त लाल दोऱ्याच्या काचेचा. तुकडे वजन करून घातले: दहा ग्रॅम. म्हणजे अख्ख्या पाठीला जेमतेम दोन बांगड्या लागल्या. एका हाताच्या दोन.

संध्याकाळी भट्टी ५२० वर धरलेली असताना वळीव आला. वारा, गारा, आणि वीज गेली. भट्टीचं दार उघडायचं नाही एवढंच हातात होतं. वरून दोन गोधड्यांची घडी टाकावीशी वाटली, पण आगीच्या भीतीनं टाकली नाही. भट्टीचं तापमान दाखवणारा पायरोमीटर बॅटरीवर होता, त्याचा आकडा लिहीत बसले. तासाला तीसच्या जागी नव्वदेक अंश उतरत होते. रात्री दीडला वीज आली तेव्हा भट्टी २१० वर होती.

१८ मे

पट्टा अखंड आहे, पण पोलरायझरमध्ये सगळी कड उजळ. असा घासला असता तर गेलाच असता. सुदैवानं अधीरपणानं निवालेली काच पुन्हा निववता येते. नव्या साच्यात पुरला, हळूहळू ५२० पर्यंत नेला, दोन तास धरला, तासाला वीसनं उतरवला. दुपार, रात्र, दुसरा अख्खा दिवस.

२० मे

फिल्मांमध्ये अंधार. पूर्ण, सगळीकडे. तो अंधार बघून इतका आनंद कधी झाला नव्हता.

दिवसभर घासणं, पाण्याखाली, जाड पॅडपासून बारीकपर्यंत. वरचा पृष्ठभाग चकचकीत केला नाही. पिसांच्या दिशेनं बारीक रेघा राहू दिल्या, त्यांनी उजेड अडखळतो आणि बघणारा सरकला की निळं सरकतं. कडेनं पाव आणा, फीलर गेजनं मोजून.

२२ मे

काच बसवली. न्यूट्रल सिलिकॉन, कडेच्या फटीत फक्त, तळाला नाही. व्हिनेगरसारख्या वासाचं साधं सिलिकॉन घेतलं तर त्यातून सुटणारं ॲसिड तांब्याला धरतं आणि महिन्या-दोन महिन्यांत कडेनं हिरवं येतं, म्हणून दोन दुकानं जास्त फिरले. तळाशी काच आणि कल्हई यांच्यात नुसती हवा आहे, केसाइतकी. आत ओल राहू नये म्हणून काच आणि पक्षी दोन्ही आधी तासभर कोमट ठेवले होते.

फांदी काळ्या दगडात पिन घालून बसवली. दगड ज्योतिबाच्या वाटेवरच्या एका खाणीतला, फोडलेल्या कडांसकट ठेवला आहे.

१ जून

पक्षी आत्याकडे पोचवला. पूर्वेच्या खिडकीत ठेवला. पावसाळी आभाळ होतं, तरी पट्टा दिसत होता. आठच्या सुमाराला ढग जरा फाटले आणि मानेपासून शेपटीपर्यंत पेटला. आत्या खुर्ची हळूहळू डावीकडे सरकवत होती, मग उजवीकडे. निळं तिच्याबरोबर सरकत होतं.

"ह्या माझ्याच न्हवं?" तिनं विचारलं. म्हटलं, दोनच, लाल दोऱ्याच्या.

मग तिनं नखानं काचेवर टिचकी मारली आणि कान जवळ नेला. आवाज बद्द आला. तिचा चेहरा उतरला. "पिचलीय गं ही."

सिलिकॉननं काच कडेनं धरली आहे, त्यामुळे ती वाजत नाही, हे मी सांगितलं. तिला पटलं नाही. मग पिशवीतून फिल्म काढल्या. पट्टा आता ब्राँझमध्ये होता, आरपार उजेड मिळणार नव्हता, म्हणून त्याच भट्टीतला, त्याच दोन बांगड्यांच्या काचेचा उरलेला तुकडा दोन फिल्मांमध्ये खिडकीसमोर धरून तिला दाखवला. मग सुतळीच्या आणि लाल दोऱ्याच्या मिसळीचा वाढलेला तुकडा धरला. पहिल्यात अंधार, दुसऱ्यात तुकड्या-तुकड्यांभोवती उजेड. तिनं दोन्ही तुकडे माझ्या हातातून घेतले, स्वतः चार वेळा धरून बघितले. नंतर ते तुकडे बोटांवर तोलून एकेक वाजवले.

"वाजतंय खरं," ती म्हणाली आणि चांगला तुकडा पदराच्या टोकाला बांधला.

पुढचं काम: पावसाळा सरल्यावर मेणाचा नवा हात, आणि खाचेच्या कडेला कुठं हिरवं आलंय का ते बघणं. उरलेल्या लाल दोऱ्याच्या बांगड्या ३४ डझन. सुतळीच्या वेगळ्या पेटीत भरल्या आहेत, वर चिठ्ठी लावून.